अडीचशे कोटी राहू द्या, तुमच्या ता.क.बद्दल बोलू

वाचकाचं पत्र :

काका, नमस्कार. मी आणि माझे मिस्टर सांगलीत शाळा-क्लासेससाठी सॉफ्टवेअर करतो. फी, हजेरी, निकालपत्रक, पालकांना मेसेज. आम्ही दोघं धरून नऊ माणसं, ८४ शाळा-क्लास, गेल्या वर्षीची उलाढाल ६२ लाख. डेटा संरक्षणाचे नियम आल्यापासून झोप उडाली आहे. पुण्याच्या एका कन्सल्टंटने पहिल्याच स्लाइडवर ‘२५० कोटी दंड’ दाखवून ३ लाख ६० हजारांचं कोटेशन दिलं. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणजे सात शाळांची एक संस्था, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा त्यांचाच. त्यांनी २२ पानी करार पाठवलाय. डेटा फुटला तर सगळी भरपाई आमची, मर्यादा नाही. सही केली नाही तर जूनपासून मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेऊ म्हणतात. मिस्टर म्हणतात, सही करून टाक, कोण कशाला कोर्टात जातंय. मोठ्या कंपन्यांसाठी केलेला कायदा आमच्या गळ्यात का? काय करावं? कोटेशन आणि करार सोबत जोडले आहेत.

ता.क. दहावीच्या मुलांची नावं-नंबर आम्ही दोन वर्षं एका ॲडमिशन एजंटला देतोय. एका नावाला १२ रुपये. वर्षाला साधारण नऊ हजार नावं होतात. तेही बंद करावं लागेल का?

(एक वाचक, सांगली)

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे कराराचं प्रकरण आहे. ता.क.पर्यंत पोचलो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावं लागलं. तिकडे येतोच. आधी झोपेचं बघू.

२५० कोटी हा आकडा खोटा नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याला जोडलेल्या दंडाच्या तक्त्यात तो आहे, फक्त त्याच्यापुढे ‘पर्यंत’ आहे आणि स्लाइडवर तो शब्द मावला नसावा. माहिती सांभाळायची पुरेशी व्यवस्था ठेवली नाही तर जास्तीत जास्त एवढा दंड. प्रत्यक्षात किती लावायचा, हे ठरवताना डेटा संरक्षण मंडळाने (दहावीचं नव्हे, या कायद्याखालचं) काय बघायचं तेही कायद्यातच लिहिलंय. चूक किती गंभीर, किती दिवस चालली, पुन्हा पुन्हा झाली का, त्यातून पैसे कमावले का, निस्तरायला काय केलं, आणि ज्याने दंड भरायचा त्याच्यावर त्याचा काय परिणाम होईल. ६२ लाखांच्या धंद्याला २५० कोटी लावणं या हिशेबात बसत नाही. ‘पैसे कमावले का’ एवढं मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेळही आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, तुम्हाला लागू होणारा मोठा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये.

आता जबाबदारी कुणाची ते बघा. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो ‘डेटा फिड्युशियरी’. तुमच्या बाबतीत ती शाळा. तिच्या सांगण्यावरून तुम्ही काम करता, म्हणून तुम्ही ‘प्रोसेसर’. तुमच्या सर्व्हरवरून डेटा फुटला तरी मंडळ हिशेब मागणार शाळेकडे, दोघांनी आपापसात करारात काहीही लिहिलेलं असो. म्हणून तर ती २२ पानं आली. आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवायला शाळेच्या वकिलाने जागा शोधली, त्याला तुमचं डोकं सापडलं. रागावू नका त्याच्यावर, त्याला पगार त्याचाच मिळतो.

कोटेशन जोडलंत ते बरं केलंत. त्यात ‘डेटा प्रोटेक्शन ऑफिसरची नेमणूक’ ९० हजार आणि ‘वार्षिक स्वतंत्र ऑडिट’ १ लाख २० हजार आहे. ही दोन्ही कामं कायद्याने मागितली आहेत ती सरकार ज्यांना ‘सिग्निफिकंट’ म्हणून जाहीर करेल अशा मोठ्या फिड्युशियरींकडून. तुम्ही त्यात नाही, तुमची सात शाळांची संस्थाही त्यात येईल असं मला वाटत नाही. २ लाख १० हजार इथेच सुटले. धोरणांचे कागद ६० हजार, त्यात कंपनीचं नाव बदललं की झालं असा माल दिसतोय. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण ३० हजार, ते एका शनिवारी तुम्हीच घेऊ शकाल. उरली ती ६० हजारांची सॉफ्टवेअर तपासणी. ही करून घ्या, हवं तर दुसऱ्या एखाद्याकडून दर काढून. तुमच्या नऊ जणांच्या पगाराची, बँक खात्यांची माहिती तुमच्याकडे आहे, तेवढ्यापुरत्या तुम्ही स्वतः फिड्युशियरी आहात. तिथे शंका विचारायला एका माणसाचं नाव आणि ईमेल जाहीर करायचा. त्याला ९० हजार पडत नाहीत.

कुणी ‘स्टार्टअपला सगळं माफ आहे’ म्हणालं तर तिथेही सावध. काही कलमांतून सूट द्यायचा अधिकार सरकारला आहे, सूट आपोआप मिळत नाही. स्टार्टअप म्हणजे सरकारी मान्यता घेतलेली प्रायव्हेट लिमिटेड, भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी). तुमचं लेटरहेड प्रोप्रायटरशिपचं, म्हणजे एका मालकाच्या धंद्याचं दिसतंय. आणि सूट मिळाली तरी माहितीच्या सुरक्षेचं कलम आणि मुलांचं कलम त्यात येत नाही.

‘मोठ्यांसाठी केलेला कायदा आमच्या गळ्यात का’ या प्रश्नात तुमचं चुकत नाही. नियम पाळायच्या खर्चाचा बराच भाग गिऱ्हाईक किती यावर ठरत नाही. वकील, करार, तपासणी, लॉग ठेवणं, हे ८४ शाळांना लागतं तेवढंच जवळपास ८४०० शाळांना लागतं. तुमचे ३ लाख ६० हजार म्हणजे उलाढालीच्या पावणेसहा टक्के. ६२ कोटींच्या कंपनीने दहापट, म्हणजे ३६ लाख घातले तरी तिचा अर्धा टक्का आणि वर थोडं. कॅलिफोर्नियाने २०२०मध्ये असाच कायदा लागू केला तेव्हा वर्षाला अडीच कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना बऱ्यापैकी बाहेर ठेवलं होतं. आपल्याकडे उलाढालीची अशी रेघ कायद्यात ओढलेली नाही. ती ओढायला हवी होती असं माझं मत आहे, निदान कागदपत्रांच्या बाबतीत.

युरोपात काय झालं ते अधिक कामाचं आहे. तिथला डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ला लागू झाला. सगळ्यांची बोटं होती गुगल-फेसबुककडे. अभ्यासकांनी हजारो वेबसाइट्स तपासल्या, तर लागू झाल्याबरोबर वेबसाइटवाल्यांनी जाहिराती, भेटींची मोजणी अशी कामं करणाऱ्या बाहेरच्या पुरवठादारांशी जोडलेले धागे सुमारे १५ टक्क्यांनी तोडलेले दिसले. तुटले ते जास्त करून लहानांचे. त्या बाजाराचं केंद्रीकरण, म्हणजे धंदा मोजक्या हातांत एकवटणं, १७ टक्क्यांनी वाढलं आणि तुलनेने फायदा गुगलचा झाला. दुसऱ्या एका अभ्यासात प्ले स्टोअरवरची जवळपास एक तृतीयांश ॲप्स नाहीशी झालेली आढळली, नवी येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. गंमत अशी की त्या लहान पुरवठादारांना कुणी दंड लावला नव्हता. वेबसाइटवाला घाबरला, आणि घाबरलेला माणूस ओळखीचं मोठं नाव धरतो.

तुमच्या संस्थेचे सचिव तेच करताहेत. ‘मोठ्या कंपनीचं घेऊ’ याचा अर्थ तुमचं सॉफ्टवेअर वाईट आहे असा नाही, उद्या काही झालं तर ‘आम्ही नावाजलेल्या कंपनीकडे दिलं होतं’ असं म्हणायची सोय त्यांना हवी आहे. तुमची स्पर्धा त्या सोयीशी आहे. मार्च २०२१ आठवतोय? कंपन्यांनी पाठवायच्या मेसेजच्या ठरावीक मजकुराची, म्हणजे टेम्प्लेटची, नोंदणी सक्तीची झाली आणि लोकांचे ओटीपी अडकले. तेव्हा ज्या लहान कंपन्यांनी शाळांची नोंदणी स्वतः बसून करून दिली, त्यांचे ग्राहक टिकले. तुम्हीही केली असेल. तसंच आता करायचं.

सुरुवात घरातून करा. तुमच्या वेबसाइटवरचा डेमो मी उघडून पाहिला, माफ करा, सवय आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर ४१ रकाने आहेत. आधार, जात, रक्तगट, वडिलांचं उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग. शाळेला यातलं काही सरकारी पोर्टलवर भरावं लागतं, मान्य. पण हाच फॉर्म तुम्ही क्लासवाल्यांनाही दिलाय. संध्याकाळी सहा ते आठ गणित शिकवणाऱ्या सरांना मुलाच्या रेशनकार्डाचा रंग कशाला? रकाना ठेवला की तो सांभाळायचा खर्च आला, आणि काढून टाकायला फुकट. माझ्या हिशेबाने क्लासचा फॉर्म १२ रकान्यांवर यायला हवा.

डेमोतच हजेरी उघडली. सहावी ब, ४३ मुलं, एका नावापुढे शेरा : ‘टीसी नेला’. ताई, बनावट डेटात कुणी ‘टीसी नेला’ लिहीत नाही. कुठल्या तरी शाळेचा खरा बॅकअप तुमच्या स्टाफमधल्या मुलांनी डेमोवर चढवलाय, आणि डेमोवर असेल तर त्यांच्या लॅपटॉपवरही असणार. हे पत्र वाचून झालं की आधी तो उतरवा. चाचणीसाठी डेटा हवा तर नावं, नंबर बदलून घ्यायची एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. तुमच्या माणसाला अर्धा दिवस लागेल. सोडून गेलेल्या शाळांचे जुने डेटाबेस सर्व्हरवर किती पडलेत तेही मोजा, त्यांचं भाडंही तुम्हीच भरताय.

मी शहाणपण शिकवतोय असं वाटायला नको म्हणून सांगतो. २०११ सालची गोष्ट. मी तेव्हा पुण्यात लहान कारखान्यांची पगारपत्रकं करून द्यायचो. १४० कामगारांची नावं, खाते नंबर, पॅन असलेला पेनड्राइव्ह भोसरीहून येताना सिक्स-सीटरमध्ये पडला. मालकांना मी सांगितलं, फाइल करप्ट झाली, पुन्हा द्या. त्यांनी दिली. पुढे काही झालं नाही, निदान माझ्या कानावर आलं नाही. त्या १४० जणांना आजही माहीत नाही. नव्या नियमांत असं काही झालं की ज्यांची माहिती गेली त्यांना आणि मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांच्या आत सविस्तर. हे ७२ तास मोजले जाणार शाळेचे. म्हणून करारात तुम्ही आपणहून लिहा की आम्हाला कळल्यापासून २४ तासांत शाळेला कळवू. सचिवांना झोप लागेल असं वाक्य हेच आहे, आणि मोठ्या कंपनीचा कॉल सेंटरवाला ते देणार नाही.

करारातलं कलम ११, अमर्याद भरपाई. नाकापेक्षा मोती जड. त्यांच्याकडून वर्षाला तुम्हाला मिळतात साधारण साडेबारा लाख, आणि त्या बदल्यात घरदार लावायचं? प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं देणं आणि घराचं देणं यात भिंत नसते, हे मिस्टरांना आज रात्री जेवताना सांगा. बदल असे मागा : भरपाई फक्त आमच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीची, आणि कमाल एका वर्षाच्या शुल्काइतकी. फार ताणलं तर दोन वर्षांच्या. शाळेच्या क्लार्कने पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर ती आमची चूक नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. तुमच्या सपोर्टच्या मुलांना माहीत असेल किती शाळांचा पासवर्ड शाळेचं नाव आणि १२३ असा आहे. करार संपला की ३० दिवसांत डेटा परत आणि आमच्याकडचा नष्ट, हेही घाला. तुम्ही एसएमएस आणि सर्व्हर ज्यांच्याकडून घेता त्यांच्या अटी काढून वाचा. ते तुम्हाला जेवढं देत नाहीत तेवढं तुम्ही शाळेला देऊ नका.

वाटाघाटीला जाताना हातात काहीतरी घेऊन जा. पालकांना द्यायची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचायची सोय शाळेला करावी लागणार आहे. संस्थेची एखादी शाळा जतकडे असेल तर तिथल्या किती पालकांच्या घरात कन्नड बोलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मराठी आणि कन्नड नोटीस तयार करून दाखवा, बाकीच्या भाषा टप्प्याटप्प्याने. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, पण शिकवण्यासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी लागणाऱ्या नोंदींपुरती शिक्षणसंस्थांना नियमांत सवलत आहे. हजेरीसाठी प्रत्येक पालकाच्या मागे धावायची वेळ येणार नाही. हे त्यांच्या सचिवांना अजून कुणी सांगितलेलं नसणार.

आता ता.क.

वर्षाला १ लाख ८ हजार. उलाढालीच्या पावणेदोन टक्के. वर मी म्हटलं की तुम्ही प्रोसेसर आहात आणि कायद्याचा मुख्य भार शाळेवर आहे. ते खरं तोपर्यंत, जोपर्यंत तुम्ही शाळेने सांगितलं तेवढंच करता. ज्या दिवशी ती नावं तुम्ही स्वतःच्या कारणासाठी एजंटला दिलीत, त्या दिवशी त्या माहितीचं काय करायचं हे तुम्ही ठरवलंत. म्हणजे तेवढ्या कामापुरत्या तुम्हीच फिड्युशियरी झालात. मुलांची माहिती, पालकांची संमती नाही, वर पैसे कमावलेले. मुलांच्या कलमाचा दंड २०० कोटींपर्यंत आहे आणि शिक्षणसंस्थेची सवलत तुमच्या मदतीला येणार नाही. ही कलमं मे २०२७पर्यंत लागू नाहीत, त्यामुळे मागच्या दोन वर्षांवर या कायद्याने दंड होणार नाही असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. तुमची अडचण त्याच्या आधीच उभी आहे.

करारातलं कलम १४ वाचलंत का? तुम्ही भरपाईच्या कलमाखाली लाल रेघ मारलीत, याच्याखाली नाही. त्यात लिहिलंय की ‘पुरवठादाराने आजवर विद्यार्थ्यांची माहिती कोणत्याही त्रयस्थास दिलेली नाही’. आजवर. त्यावर सही केलीत तर माहीत असून खोटं लिहून दिल्यासारखं होईल. भरपाईची मर्यादा कितीही चांगली मिळवलीत तरी फसवणुकीपुढे अशी मर्यादा टिकत नाही. मिस्टर म्हणतात कोण कोर्टात जातंय. पालकाला कोर्टात जावंच लागणार नाही. आधी शाळेकडे तक्रार, तिथे दाद लागली नाही तर मंडळ, आणि मंडळाचं काम ऑनलाइन चालणार आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ‘अभिनंदन, मुलीला किती टक्के पडले?’ असा फोन आला की आई पहिलं हेच विचारते, नंबर कुणी दिला. आत्तापर्यंत तिला विचारायला जागा नव्हती.

तर बंद करावं लागेल का, याचं उत्तर हो, आणि कायद्याची वाट न बघता. कायद्याच्या खर्चाबद्दल मी वर तुमच्या बाजूने भांडलो, हे १ लाख ८ हजार मात्र मी त्या खर्चात धरत नाही. ते तुमचे नव्हतेच.

करायचं काय? सांगलीत चांगला दिवाणी वकील गाठा, आणि त्याला ता.क. आधी सांगा, पत्र नंतर. कन्सल्टंटच्या कोटेशनमधून सुटलेले पैसे इथे घालवा. एजंटला लेखी कळवा की यापुढे यादी नाही, दिलेली पुसून टाक आणि तसं लिहून दे. तो पुसेल याची खात्री मी देत नाही. सात शाळांच्या संस्थेला हे सही करण्याआधी सांगावं असं माझं मत आहे, शब्द वकिलाचे असू देत. ते सोडून जातील ही शक्यता धरूनच जा. पाचवा हिस्सा जाईल, दोन माणसं कमी करावी लागतील कदाचित. लपवून सही केली आणि दोन वर्षांनी बाहेर आलं, तर उरलेल्या ७७ जणांकडे जायला तोंड उरणार नाही, कारण सांगली-मिरजेत मुख्याध्यापक एकमेकांना फोन करतात.

दहावीचा निकाल लागायच्या आधी त्या माणसाचा फोन येईलच. यंदा दर वाढवून देईल, पंधरा-अठरा म्हणेल. फोन तुम्ही उचला, मिस्टरांना देऊ नका. आणि त्याआधी ईमेलच्या ‘सेंट’मध्ये जाऊन दोन वर्षांत नेमक्या किती फाइली, कोणत्या शाळांच्या, कोणत्या तारखेला गेल्या त्याची यादी कागदावर उतरवून ठेवा. वकील पहिल्या भेटीत तीच मागणार आहे.